उद्याचे ठोके आजच्या टपालात

तिरोडी, जिल्हा बालाघाट
८ जानेवारी २०२४

मितू पोरी,

तुले मोठेबाबाचा जयभीम. उजव्या पायाचा पुरा जयभीम अन् डाव्या पायाचा अर्धाच, कारण तो अजून टाक्यात आहे.

फोन काहून नाही केला म्हणशीन. चौतीस वर्षं मँगनीजच्या खाणीत पंपाजवळ बसलो, त्या पंपानं कान खाल्ले. मी फोनवर बोललो तं पुऱ्या तिरोडीले ऐकू जाते, अन् तू बोललेलं मलेच ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे मोबाईल असते तुह्या मोठ्या आईच्या कमरेले. शेवंताले कळू न देता हे पत्र लिहून राह्यलो. तूबी जवाब घरी नोको पाठवू. स्टेशनसमोर हिरालालची चहाची टपरी आहे, तिथी पाठव. हिरालाल चहात पाणी टाकते, पण पत्र फोडत नाही.

आता पायाचं ऐक. वर्षभरापासून चाळीस पावलं चाललं का पोटरी भरून येत होती. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, मांडीतली रक्ताची नस बंद पडली. मंग त्यानं मांडीपासून गुडघ्यापर्यंत नवी नळी टाकली. म्हणे, "बाबा, ये सादी नली नहीं है, अंदर से दवा लगी हुई है, खून जमने नहीं देती." म्या म्हटलं, ठहरो साहब, ये तो हमारी मितू पूना में बनाती है! डॉक्टर हासला. त्याच्या हासण्याचा अर्थ म्या हौ असा घेतला.

घरी आलो तवापासून म्या सांगून राह्यलो, का माह्या पायातली नळी माह्या पुतणीनं सोताच्या हातानं बनवली. लय गंमत आहे बाप्पा! लोकं पाय पाहाले येऊन राह्यले. एकानं तं पायालेच हात जोडले. हिरालाल मले आता टपरीवर खुर्ची देते, आंधी बाकावर बसवत होता. म्हणून अर्ज असा का, कोनी विचारलं तं हौ म्हणजो.

अन् हेबी सांग, ते आतलं औषध टिकते किती दिवस?

तुहा मोठेबाबा
पुनाराम रामटेके
माजी पंप ऑपरेटर

---

पुणे
१९ जानेवारी २०२४

मोठेबाबा,

तुमच्या दोन्ही पायांना आणि एका बंडल जिभेला माझा जयभीम.

अहो काय हे! मी नळी बनवली नाही. माझी नळी अजून माणसात काय, मेंढीतसुद्धा गेलेली नाही. तुमच्या पायातली नळी मोठ्या कारखान्यात बनलेली, हजारो लोकांच्या पायात बसलेली आहे. मी इथे पाच वर्षं जे करते ते त्याच्या पुढचं काम. उद्या कोणी माझ्याकडे पाय घेऊन आलं तर मी काय दाखवू?

पण गंमत सांगते. ही नळी ज्या पदार्थाची असते, त्याचाच थर न चिकटणाऱ्या तव्यावर असतो. डोसा चिकटत नाही, अंडं चिकटत नाही. रक्त मात्र चिकटतं! बालाघाटच्या बस स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं होतं. परकी भिंत दिसली की रक्तातली प्रथिनं आधी येऊन रुमाल टाकतात. मग त्या रुमालांवर प्लेटलेट येऊन बसतात, त्या आणखी सोयऱ्यांना हाका मारतात, आणि नळी भरून जाते. म्हणून नळीला आतून लेप देतात. तुमच्या नळीत हेपरिन नावाचं औषध भिंतीला पक्कं बांधलेलं आहे. ते वाहून जात नाही, झिजत नाही, वर्षानुवर्षं जागेवर बसून काम करतं.

माझा लेप वेगळा आहे. तो पाणी धरून ठेवतो, म्हणजे रुमाल टाकायला कोरडी जागाच उरत नाही. अडचण एवढीच की या नळीला काही चिकटत नाही, तसा माझा लेपही चिकटत नाही. पंधरा तारखेपासून नवी चाचणी लावली आहे. नळ्यांमधून कोमट खारं पाणी चौदा दिवस सतत फिरवायचं (हो, पंपच आहे, पण तुमच्या मुठीएवढा), रोज सकाळी एक तुकडा कापायचा आणि शंभरातला किती लेप उरला ते मोजायचं. चौदाव्या दिवशी नव्वद उरला तर मेंढीत बसवायची परवानगी.

आता कामाचं. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या. बिडी बंद म्हणजे बंद. आणि रोज सकाळी डाव्या पावलावर, अंगठ्याच्या रेषेत वर, बोट ठेवून ठोका लागतो का बघायचा. मिनिटाला किती ते लिहून मला पाठवा.

तुमची मितू

---

तिरोडी
४ फेब्रुवारी २०२४

मितू पोरी,

कडक जयभीम.

तुहं पत्र हिरालालच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. "मी नळी बनवली नाही" हे वाक्य चष्मा पुसता पुसता राहून गेलं. बस स्टँडवाली गोष्ट लोकाईले भल्ली आवडली. हिरालाल म्हणते, म्हणजे रक्तबी आपल्यासारखंच आहे गा.

तुह्या लेपावर म्या विचार केला. आपल्या घरी नवीन सूप आणलं का त्याले मेथी अन् कागदाचा लगदा लावतेत, पाह्यलं नाही का तू? पहिले बांबू घासून खरबरा करा लागते. मंग पातळ हात, उन्हात सुकवा, मंग दुसरा हात. एकाच वेळी जाड थापला तं चार दिवसात पापडासारखा उलते. हे तुह्या लॅबवाल्या मॅडमले सांग. (हे शेवंतानं सांगतलं, पण माह्या नावानं सांग.)

तब्येत फस्सक्लास. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन येतो. बिडीचं तं नावबी विसरलो. चिलमीसारखी असते का कशी असते ते आता आठवत नाही.

अन् तू म्हटल्याप्रमाणं पायाची लॉगबुक जोडली आहे. खाणीत चौतीस वर्षं पंपाचं प्रेशर दर घंट्याले लिवलं, आपल्याले काय शिकवतं! तारीख, वेळ, ठोके, शेरा, चारही रकाने स्केलपट्टीनं आखले आहेत. १ फेब्रुवारी, सहा वाजता, ७२, उत्तम. २ फेब्रुवारी, सहा वाजता, ७२, उत्तम. अशी पुरी लॉगबुक दहा तारखेपर्यंत आहे. साहेबलोक तपासाले येत तवा माह्या बुकावर बोट ठेवाले जागा सापडत नव्हती.

तू कधी येतं? दोन वर्षं झाली तुले पाहून.

मोठेबाबा

---

पुणे
९ फेब्रुवारी २०२४

मोठेबाबा,

जयभीम. आज नऊ तारीख. तुमचं पत्र आत्ता मिळालं. तुम्ही ते चार तारखेला लिहिलंत. त्यात पाच, सहा, सात, आठ, नऊ आणि दहा या तारखांचे ठोके आहेत. सगळे बहात्तर. सगळे उत्तम.

उद्याचे ठोके आजच्या टपालात! मोठेबाबा, आमच्या इथे परदेशातून मशिनी आणल्यात, पण उद्या सकाळी सहा वाजता माणसाचा पाय काय करणार हे अजून कुणाला मोजता आलेलं नाही. बाबा राजेगावच्या घरी नेहमी सांगायचे, दादा महिन्याची लॉगबुक एक तारखेलाच भरून ठेवतो आणि मग निवांत झोपतो. मला वाटायचं बाबा चेष्टा करतात.

हसले, पण खरं सांगू का, मला रागही आलाय. तो ठोका म्हणजे तुमची नळी चालू आहे याची एकमेव खूण आहे. नळी बंद पडली की पाय थंड पडतो, आणि काही तासांत कापायची वेळ येते. हा पंपाचा साहेब नाही मोठेबाबा, हा तुमचा पाय आहे. गोळ्या घेताय ना? एका शब्दात उत्तर द्या, हौ की नाही. नाहीतर मोठ्या आईला फोन करते.

नोंद कशी ठेवतात हे कळावं म्हणून माझा तक्ता पाठवते आहे. चौदा दिवस झाले! १००, ९८, ९९, ९७, ९७, ९५, ९६, ९५, ९४, ९६, ९३, ९२, ९१, ९०. बरोब्बर नव्वद! मॅडमनी पेढे वाटले. मार्चअखेर मेंढीत बसवणार, आणि दिल्लीच्या परिषदेत माझं भाषण ठरलंय. सगळं नीट झालं तर काही वर्षांनी माझीच नळी कुणाच्या तरी पायात असेल. बघा आणि शिका.

मोठ्या आईला सांगा, आम्हीही आधी खरबरीत करूनच लेप देतो, फक्त मशिनीने.

यायचं फार मनात आहे हो, पण सुट्टीच मिळत नाही. डिसेंबरपासून पुण्याबाहेर पाऊल ठेवलेलं नाही.

तुमची मितू

---

तिरोडी
२० फेब्रुवारी २०२४

मितू,

पकडलं तं पकडलं. पुऱ्या नोकरीत एकाही साहेबानं नाही पकडलं, घरच्या पोट्टीनं पकडलं. शाबास. पण आता मोठेबाबाची पाळी.

तुहा तक्ता तीन दिवस पाहून राह्यलो. शंभर, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, असे पहिले अकरा दिवस खरे आहेत. आकडे खालीवर नाचून राह्यले, खरं मोजलं तं आकडा नाचतेच. बाराव्या दिवसापासून काय झालं पोरी? ब्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद. पायऱ्या! जितीजागती वस्तू अशी पायरीनं उतरत नाही. अन् शेवटी नेमकं नव्वद, जेवढं पास व्हाले पाहिजे तेवढंच. म्या बी प्रेशर नेमकं तेवढंच लिवत होतो जेवढं साहेबाले गोड लागते. तू मले लॉगबुक शिकवते? ह्या धंद्यात मी तुह्या बापापेक्षा मोठा आहो.

मंग म्या बोटावर दिवस मोजले. पंधरा जानेवारीले चाचणी लावली, म्हणजे बारावा दिवस सव्वीस जानेवारी. तेरावा सत्तावीस. सत्तावीसले बालाघाटात तुह्या मैत्रिणीचं, श्रुतिकाचं, लग्न होतं. सुनेच्या मोबाईलमध्ये फोटो आहेत. हिरव्या साडीत, वरातीत, दोन्ही हात वर करून जे नाचून राह्यली ते कोण होय? पुण्याच्या बाहेर पाऊल ठेवलं नाही म्हणते! पाऊल तं जमिनीवरच नव्हतं तुहं.

बालाघाटाहून तिरोडी कितीक दूर आहे गा? एका बसचा रस्ता. म्हातारा टाक्यात पडला होता. आली असती तं बरं वाटलं असतं. लिहाचं नव्हतं, पण लिवलं.

आता तू एका शब्दात जवाब मांगतला. एका शब्दात होत नाही. समज एक पंप आहे. त्यात दोन जातीचे बेअरिंग असतेत. एक उघडं, त्याले रोज तेल पाजा लागते. दुसरं सील बेअरिंग, त्यात कंपनीच आतून ग्रीस भरून देते, जनमभराचं. नवा पोऱ्या येते अन् मेहनत म्हणून सील बेअरिंगले बी तेल पाजते, अन् खराब करून टाकते. तू सोता लिवलं, आतलं औषध वाहत नाही, झिजत नाही, वर्षानुवर्षं काम करते. तुह्या लिवण्यावर माहा पुरा भरोसा आहे. त्याच्या खालचं गोळ्या-बिडीचं मनावर घेतलं नाही, ते तं शेवंता रोजच म्हणते.

गोळ्या एकदम सुरक्षित आहेत. खिळ्याले टांगलेल्या माह्या खाणीच्या टोपात ठेवल्या आहेत. महिन्याभराच्या आहेत. अस्तर संपलं तं कामी येतीन.

शेवंताले फोन नोको करू. तुही गोष्ट म्या कोनाले नाही सांगतली.

मोठेबाबा

---

पुणे
२६ फेब्रुवारी २०२४

मोठेबाबा,

केला फोन. आत्ताच ठेवला. चुगलखोर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. टोप खाली उतरवल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला, आणि त्यानंतर मोठी आई जे बोलली ते मी पत्रात लिहू शकत नाही.

तुमची नळी सील बेअरिंग नाही हो! चूक माझी आहे. लेपाची बढाई मारायच्या नादात अर्धंच लिहिलं. लेप फक्त नळीची भिंत सांभाळतो. पण नळी दोन टोकांना तुमच्या स्वतःच्या नसेला शिवली आहे. त्या शिवणीवर लेप नाही. गुडघ्याखालच्या तुमच्या जुन्या नसांत लेप नाही. तिथे रक्त हळू चालतं, आणि गुठळी व्हायला तेवढं पुरतं. गोळी पूर्ण रक्तावर काम करते, लेप एका भिंतीवर. दोन्ही लागतात. महिनाभर तुम्ही एकाच पायावर चालताय, मोठेबाबा, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे.

मोठ्या आईला पावलावर कुठे बोट ठेवायचं ते शिकवलंय. ती रोज सकाळी बघेल. तिला बहात्तर-उत्तम चालणार नाही.

माझ्या तक्त्याचं सोडा. त्यावर आत्ता काही बोलायचं नाही.

मितू

---

नागपूर
२ मार्च २०२४

मितू,

मी शेवंताबाई, तुही मोठी आई. चौथी शिकली आहो, पण लिहता येते. तुम्ही दोघं माह्या पाठीमागं लिहत होते, आता म्या तुमच्या पुढं लिहते.

तुहा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा ठेवाच्या आंधी तू सांगतलं तसं बोट ठेवलं. ठोका नाही. वाटलं माहंच बोट चुकते. उजव्या पायावर पाह्यलं, तिथी टकटक लागून राह्यली. डावा पाय हातात घेतला तं मडक्यासारखा थंड. हा माणूस म्हणते, "बहात्तर आहे, सोड." म्या काही ऐकलं नाही. गाडी सांगतली, तुमसर, भंडारा, सीधी नागपूर. रस्त्याभर म्हणत होता, पाय झोपला आहे, उठीन. पण भंडाऱ्याच्या पुढं त्यानं माहा हात धरला. लगन झाल्यापासून त्यानं लोकाईसमोर माहा हात धरला नव्हता. तवा मी भेली.

डॉक्टरनं नळीतली गुठळी काढली. म्हणे, दोपार झाली असती तं मांडीपासून कापा लागला असता. पाय वाचला. करंगळी काळी पडली होती, ते गेली. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट काय बोलला माहीत आहे? "एक बोट कंपनीले वापस केलं."

तिकडं तिरोडीत हिरालालनं पसरवून देल्लं का मितूची नळी जाम झाली. तुह्या बापाले राजेगावात लोकं विचारून राह्यले, तुह्या पोरीच्या नळीनं भावाचा पाय जाणार होता म्हणे. हे सारं ह्याच्या बढाईनं झालं. त्याले म्या सांगतलं, जिथी खोटं बोलला तिथीच उभा राहून खरं बोल, नाही तं माह्या हातचं खाऊ नोको.

अन् टोपात गोळ्याईच्या खाली तुहे पत्रं होते, ह्यानं तुले लिवलेल्या पत्राईच्या नकलाबी होत्या, अन् तुहं शेवटचं पत्र काल हिरालालनं इथी आणून देल्लं. सारे वाचले. सुपाची गोष्ट माही होती. अन् लग्नात येऊन गेली, भेटली नाही, तेबी वाचलं. तुले काय म्हणू? तक्त्याचं सोडा म्हणते. काहून सोडाचं? हा माणूस उद्याचे ठोके लिवत होता अन् त्याचा पाय जाता जाता राह्यला. तू न मोजता लिवलं तं कोनाचा जाईन?

शेवंता

---

पुणे
१३ मार्च २०२४

मोठ्या आई, मोठेबाबा,

हे पत्र दोघांना. घरच्या पत्त्यावर.

मोठ्या आईचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधीच माझं मन खात होतं. मोठेबाबांनी त्या तीन पायऱ्यांवर बोट ठेवलं तेव्हापासून मला तो तक्ता बघवत नव्हता. मी पंचवीस तारखेला गाडी पकडली. कुणाला सांगितलं असतं तर तुकडे कापून ठेवले असते, पण मला सुट्टी विचारायची नव्हती. एकोणतीसला परत आले तर चौदा दिवस संपले म्हणून कुणीतरी पंप बंद करून नळ्या धुऊन टाकल्या होत्या. अकरा दिवस इतके छान गेले होते की पुढचे तीन असेच जाणार याची मला खात्री होती. मोठेबाबांना दहा तारखेच्या ठोक्याची होती, तशीच.

अठ्ठावीस फेब्रुवारीला चाचणी पुन्हा लावली. गुपचूप, स्वतःसाठी. यावेळी एक दिवसही सोडला नाही. अकराव्या दिवशी ९४. जीवात जीव आला. बाराव्या दिवशी ७१. तेराव्या दिवशी ५८. काल चौदावा, ४०. नळीचं कापलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर तिथून लेप पापडासारखा उललेला. मोठ्या आईचाच शब्द आहे हा, दुसरा सुचला नाही.

बारावा दिवस. मी नाचायला गेले तेव्हा न मोजता सोडलेला पहिलाच दिवस.

कालच मॅडमकडे दोन्ही तक्ते घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. मेंढीचं रद्द झालं. दिल्लीचं भाषण रद्द झालं. मॅडम उठून घरी निघून गेल्या. आज सकाळी आल्या, पहिला तक्ता परत मागितला आणि विचारलं, "हे तुझ्या काकांनी नुसतं बघून ओळखलं?" मी म्हटलं, काका नाही, मोठेबाबा, आणि ते खोट्या नोंदींमधले जुने जाणकार आहेत. मॅडम म्हणाल्या, "त्यांना आपल्याकडे पाठव, सगळ्यांचे तक्ते तपासून घेऊ." मग नवीन वही दिली आणि म्हणाल्या, पहिल्यापासून.

एक वर्ष गेलं. रडले, खोटं कशाला बोलू. पण मोठेबाबा, ती नळी आधी मेंढीत आणि मग कधीतरी तिरोडीतल्या कुणाच्या पायात गेली असती, आणि बाराव्या दिवशी तिथल्या कुठल्या तरी मोठ्या आईला तो पाय थंड लागला असता.

लग्नाला येऊन भेटले नाही, त्याचं काय सांगू? तुम्हाला बिछान्यात बघायची भीती वाटली. एवढंच कारण आहे. मे महिन्यात येते, आधी तिरोडी, मग राजेगाव. मॅडमना विचारून.

तुमची मितू

---

तिरोडी
१६ एप्रिल २०२४

मितू पोरी,

तुले उजव्या पायाचा जयभीम, अन् डाव्याचाबी, एक बोट कमी.

परवा जयंती झाली. विहारासमोर मंडप, निळे झेंडे, पुरी तिरोडी जमा. मिरवणूक निघाच्या आंधी म्या माईक मांगतला. लोकाईले वाटलं म्हातारा गाणं म्हणते. माह्या कानाचं तुले माहीत आहे, मले वाटलं मी हळू बोलतो, पण म्हणे आवाज फाटकाच्या पलीकडं जात होता.

म्या म्हटलं, "भाऊ-बहिणीहो, माह्या पायातली नळी माह्या पुतणीनं बनवली नाही. ते मी खोटं बोललो. ते नळी जामबी पुतणीमुळं नाही झाली. म्या महिनाभर गोळ्या खाल्ल्या नाही, टोपात ठेवल्या, अन् बिडी वढली, म्हणून झाली. नळी फेल नाही, मी फेल. माही पुतणी अजून नळी बनवूनच राह्यली, अन् तिची नळी पहिल्या झटक्यात फेल झाली तं तिनं सोता जाऊन सांगतलं. मले ते सांगाले दीड महिना लागला."

 मंग हिरालाल मागून वरडला, "मंग आमी तुह्या पायाले हात काहून जोडले गा?" लोकं जे हासले, जे हासले! टपरीवरची खुर्ची गेली, आता पुन्हा बाकावर बसतो. पण शेवंतानं त्या दिवशी सोता वाढून देल्लं. अन् तुह्या बापाचा राजेगावाहून फोन आला, शेवंतानं माह्या कानाले लावला. काही ऐकू नाही आलं, पण तो हासून राह्यला होता एवढं समजलं.

तुह्या मॅडमले सांग, नोकरीले येतो, पण शेवंताले सोबत घ्या लागीन. तक्ता मी पाहीन, लेप ते पाहीन.

तू लिवलं का एक वर्ष गेलं. जाऊ दे. मले एका करंगळीत अक्कल आली, तुले एका वर्षात आली. दोघाईलेबी स्वस्तात भेटली.

आता लॉगबुक. शेवंता बोट ठेवते, मी लिहतो. स्केलपट्टी हरवली, म्हणून रकाने वाकडे आहेत.

७ एप्रिल. ठोके ७४. गोळ्या दोन. बिडी नाही.
८ एप्रिल. ठोके ६९. गोळ्या दोन. बिडी अर्धी, हिरालालची. शेवंताले माहीत आहे.
९ एप्रिल. ठोके ८३. आंधी फाटकापर्यंत गेलतो.
१० एप्रिल. ठोका लवकर सापडला नाही. दोघाईचाबी जीव वर आला. मंग सापडला. ७१.
११ एप्रिल. ठोके ७४. गोळ्या दोन.
१२ एप्रिल. गोळ्या दोन. ठोके मोजाचे विसरलो. नोंद नाही.
१३ एप्रिल. ठोके ७०. गोळ्या दोन. बिडी नाही.
१४ एप्रिल. ठोके ९०. जयंती. नाचलो.
१५ एप्रिल. ठोके ७३. गोळ्या दोन. पोटरी दुखते, नाचल्यानं.
१६ एप्रिल. ठोके ७२. हसू नोको, आज खरंच बहात्तर आहेत. शेवंताले विचार.

कागद महिन्याचा आखला आहे. सतरापासून तीसपर्यंतचे रकाने कोरे पाठवून राह्यलो. ते दिवस अजून आले नाही.

मोठेबाबा